जुन्या संगणकाचा परवाना : एका खरेदीचे प्रकरण

माझ्या परिचयातील एका अनुवादिकेने घरून काम करण्यासाठी सेकंडहँड डेस्कटॉप घेतला. एखाद्या मोठ्या कार्यालयाचा भाडेकरार संपल्यावर गठ्ठ्याने बाहेर पडणाऱ्या संगणकांपैकी तो एक होता. आठव्या पिढीचा इंटेल कोअर आय-५ प्रोसेसर, ८ जीबी रॅम, २५६ जीबीची एसएसडी आणि ‘ओरिजिनल विंडोज टाकून दिली आहे’ असे विक्रेत्याचे तोंडी आश्वासन, एवढ्या गोष्टी त्यांच्या पदरात पडल्या. पावतीवर संगणक, मॉनिटर आणि कीबोर्ड यांची नोंद होती. ऑपरेटिंग सिस्टीमबद्दल एक अक्षरही नव्हते. घेताना सेटिंग्जमधील ॲक्टिव्हेशनच्या (विंडोजचा परवाना ग्राह्य असल्याच्या नोंदीच्या) पानावर हिरवी खूण दिसत होती, आणि सामान्य खरेदीदाराला तेवढे पुरेसे वाटते.

सुमारे पाच महिन्यांनी पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात विंडोज ॲक्टिव्हेट करण्याची सूचना देणारी पुसट अक्षरे उमटली. त्यांनी त्या वेळी मोबाईलवर काढलेला फोटो पुढे फार उपयोगी पडला, कारण त्यात त्रुटीचा क्रमांक स्पष्ट दिसत होता. विक्रेत्याने फोनवर ‘इंटरनेटचा प्रॉब्लेम असेल’ असे सांगून विषय संपवला. कामाच्या घाईत असलेल्या अनुवादिकेने ऑनलाइन बाजारात शोध घेतला आणि अधिकृत किमतीच्या अगदी लहानशा हिश्श्यात मिळणारी एक प्रॉडक्ट की, म्हणजे विंडोज ॲक्टिव्हेट करणारा अक्षरांचा संकेत, विकत घेतली. विकणाऱ्याने आधी विंडोजची कोणती आवृत्ती आहे ते विचारले, मग ईमेलने पंचवीस अक्षरे पाठवली. ती टाकताच कोपऱ्यातील अक्षरे गेली. प्रश्न सुटला असे त्यांना वाटले, आणि मला वाटते की त्यांच्या जागी असलेल्या बहुतेकांना तसेच वाटले असते.

काही महिन्यांनी एसएसडी अपुरी पडू लागली म्हणून एका तंत्रज्ञाकडून मोठी बसवून घेतली. तंत्रज्ञाने मूळ विक्रेत्याकडूनच पेन ड्राइव्ह आणून त्याची तयार इमेज, म्हणजे आधीच बसवलेल्या विंडोजची जशीच्या तशी नक्कल, नव्या एसएसडीवर उतरवली. जपून ठेवलेली तीच प्रॉडक्ट की पुन्हा टाकली, तर या वेळी ती स्वीकारली गेली नाही. विकणाऱ्याला कळवल्यावर त्याने निम्म्या किमतीत दुसरी देण्याची तयारी दाखवली. दरम्यान आणखी एका विक्रेत्याची जाहिरात त्यांच्या नजरेस पडली. ही प्रॉडक्ट की पहिल्यापेक्षा महाग, पण ‘ओईएम, आजीवन हमी’ असलेली होती. ती घ्यावी का, हे विचारायला त्या माझ्याकडे आल्या. आपण चोरीचा माल वापरत आहोत अशी शंकाही त्यांच्या मनात नव्हती. ‘अहो, दोन्ही वेळा पैसे मोजले आहेत, फुकटचे काही घेतलेले नाही,’ असे त्या म्हणाल्या, आणि त्यात तसूभरही खोटे नव्हते.

तपासणीत काय आढळले

नवी प्रॉडक्ट की घ्यावी की नाही हे ठरवण्याआधी संगणकात आज कोणत्या प्रकारची विंडोज आहे हे पाहणे आवश्यक होते. त्यासाठी वेगळे सॉफ्टवेअर लागत नाही. विंडोजमध्येच परवान्याची माहिती देणारी एक आज्ञा आहे. एस-एल-एम-जी-आर ही पाच अक्षरे, त्यापुढे तिरकी रेघ आणि डी-एल-आय एवढे लिहिले की एक छोटी चौकट उघडते. त्या चौकटीतील दुसऱ्या ओळीच्या शेवटी ‘चॅनल’ या शब्दाआधी जे लिहिलेले असते, त्यात निम्मे उत्तर असते. रिटेल म्हणजे सुटी विकत घेतलेली प्रत, ओईएम म्हणजे संगणकाबरोबर आलेली, आणि व्हॉल्यूम म्हणजे संस्थांना घाऊक करारावर दिलेली. या संगणकावर ‘विंडोज १० एंटरप्राइज’ आणि ‘व्हॉल्यूम मॅक’ अशी नोंद आली. मॅक हा घाऊक प्रॉडक्ट कीचा एक प्रकार.

एंटरप्राइज हा शब्द दिसताच बराचसा उलगडा झाला. विंडोजची एंटरप्राइज आवृत्ती एका व्यक्तीला एक प्रत अशी सुट्या विक्रीत कधीच मिळत नाही. ती संस्थांनी मायक्रोसॉफ्टशी केलेल्या करारातून येते. म्हणजे घरच्या संगणकात ती आढळली, तर ती कोणत्या तरी संस्थेच्या हक्कावर उभी आहे किंवा कोणाच्याच हक्कावर नाही.

मोबाईलमधील जुन्या फोटोत शेवटी एफ-०७४ असलेला क्रमांक होता. केएमएस सर्व्हरशी संपर्क झाला नाही, असा त्याचा अर्थ. संस्थांच्या जाळ्यात केएमएस नावाचा एक सर्व्हर असतो आणि तिथले संगणक त्याच्याकडून ॲक्टिव्हेट होतात. हे ॲक्टिव्हेशन १८० दिवसांचे असते. संगणक दर सात दिवसांनी सर्व्हरला गाठून मुदत वाढवून घेण्याचा प्रयत्न करतो, आणि संस्थेच्या जाळ्याबाहेर गेला की ती मुदत हळूहळू संपत जाते. खरेदीनंतर पाच महिन्यांनी सूचना का आली, याचे कोडे इथे सुटले. विक्रेत्याने कुठून तरी मिळालेली संस्थात्मक इमेज सगळ्या संगणकांवर एकसारखी उतरवली होती, आणि विकतेवेळची हिरवी खूण ही अर्ध्या वर्षाच्या आत मावळणारच होती.

दुसऱ्या वेळचा क्रमांक वेगळा होता, शेवटी सी-०२० असलेला. मॅक प्रकारच्या प्रॉडक्ट कीला ठरावीक संख्येने ॲक्टिव्हेशन मिळतात. ती संख्या संपली की हा क्रमांक येतो. अनुवादिकेला ईमेलने आलेली पंचवीस अक्षरे एखाद्या संस्थेला शेकडो संगणकांसाठी दिलेल्या घाऊक प्रॉडक्ट कीची होती. ती कोणीतरी बाहेर नेली आणि अनेकांना एकेकटी विकली. पहिल्या वेळी कोटा शिल्लक होता म्हणून ती चालली, दुसऱ्या वेळी संपला होता म्हणून अडली. इथे थोडे थांबून एक गोष्ट सांगावीशी वाटते. हा कोटा कोणाचा तरी होता. कुठल्याशा शाळेच्या, रुग्णालयाच्या किंवा कारखान्याच्या संगणक विभागात बसलेला एखादा माणूस आपल्याच हक्काचा संगणक ॲक्टिव्हेट करायला जातो आणि त्याला संख्या संपल्याचे उत्तर मिळते. स्वस्त प्रॉडक्ट कीच्या व्यवहारात नुकसान केवळ एका बलाढ्य कंपनीचे होते, असे जे सहज बोलले जाते, त्यात या माणसाचा विचारच नसतो.

यंत्राने स्वतःबरोबर आणलेला हक्क

आता खरा प्रश्न असा होता की या यंत्राचा स्वतःचा, जन्मतःचा परवाना होता का. असा प्रश्न विचारण्यामागे एक कारण आहे. संस्थांना मिळणारा विंडोजचा घाऊक परवाना हा मुळात वरच्या आवृत्तीचा हक्क देणारा असतो. त्याच्याखाली प्रत्येक संगणकाचा स्वतःचा पात्र परवाना असावा लागतो, आणि तो बहुतेक वेळा संगणकाबरोबर कारखान्यातूनच आलेला ओईएम परवाना असतो. त्यामुळे कार्यालयातून बाहेर पडलेल्या नामांकित बनावटीच्या संगणकात एंटरप्राइजच्या थराखाली प्रो आवृत्तीचा परवाना दडलेला असण्याची शक्यता पुष्कळ असते. जुने संगणक विकत घेणाऱ्यांपैकी फारच थोड्यांना हे ठाऊक असते, आणि विकणाऱ्यांपैकी ज्यांना ठाऊक असते ते इमेज उतरवण्याचा वेळ वाचवण्यासाठी त्याकडे दुर्लक्ष करतात.

विंडोज ७ च्या काळात हे पाहणे सोपे होते, कारण पंचवीस अक्षरे छापलेले स्टिकर संगणकाच्या पाठीवर किंवा लॅपटॉपच्या पोटाशी चिकटवलेले असे. ती अक्षरे घासून जात, कोणीही फोटो काढून नेई, आणि एकाच स्टिकरवर पाच संगणक चालत. विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, मोठ्या उत्पादकांनी प्रॉडक्ट की मदरबोर्डच्या (संगणकातील मुख्य बोर्डाच्या) फर्मवेअरमध्येच, म्हणजे त्या बोर्डावर कायम साठवलेल्या सॉफ्टवेअरमध्ये, लिहायला सुरुवात केली. बाहेरच्या स्टिकरवर आता फक्त विंडोजचे चिन्ह असते, अक्षरे नसतात. या डेस्कटॉपच्या उजव्या बाजूला तसे एक लहान, कडा उचललेले स्टिकर होते. अनुवादिकेने ते अनेकदा पुसले होते, पण त्यावर काही लिहिलेले नाही म्हणून ते निरुपयोगी समजले होते.

पॉवरशेल ही आज्ञा लिहिण्याची विंडोजमधील खिडकी उघडून विंडोजच्या परवाना सेवेकडे मूळ प्रॉडक्ट की मागणारी एक ओळ लिहिली. क्षणभराने पडद्यावर पंचवीस अक्षरे आली आणि खालच्या ओळीत तिचे वर्णन आले, ‘प्रोफेशनल ओईएम डीएम’. यातील शेवटच्या दोन अक्षरांचा अर्थ डिजिटल मार्कर, म्हणजे फर्मवेअरमध्ये लिहिलेली खूण. त्यानंतर बायोस, म्हणजे संगणक सुरू करणारे फर्मवेअर, जो अनुक्रमांक सांगत होते तो आणि खोक्याच्या मागील पट्टीवर छापलेला अनुक्रमांक जुळवून पाहिला. दोन्ही एकच निघाले, म्हणजे दुसऱ्याच एखाद्या यंत्राचा बोर्ड या खोक्यात बसवला असावा अशी शंका घ्यायला कारण उरले नाही. ही जुळणी मी मुद्दाम केली, कारण ओईएम परवाना मदरबोर्डशी बांधलेला असतो.

विंडोजच्या परवान्याच्या अटींत हे स्वच्छ लिहिलेले आहे, की संगणकाबरोबर आलेला परवाना फक्त त्याच संगणकाबरोबर दुसऱ्याच्या मालकीत जाऊ शकतो. तो सुटा काढून विकता येत नाही. उलट संगणक विकला की तोही नव्या मालकाकडे जातो. अनुवादिकेने ज्या दिवशी त्या डेस्कटॉपचे पैसे दिले, त्याच दिवशी विंडोज १० प्रो वापरण्याचा पूर्ण, रीतसर हक्क त्यांच्याकडे आला होता. त्यानंतरचा त्यांचा सगळा खर्च आणि मनस्ताप या हक्काच्या अज्ञानातून झाला.

मग विंडोजने तो स्वतःहून का ओळखला नाही? फर्मवेअरमधील प्रॉडक्ट की प्रो आवृत्तीची होती आणि एसएसडीवर एंटरप्राइज उतरवलेली होती. आवृत्ती जुळत नसल्याने दोघींची गाठ पडली नाही. शिवाय दोन्ही वेळा विंडोज नव्याने न बसवता तयार इमेज ओतली गेली, त्यामुळे बसवताना सेटअप फर्मवेअर वाचतो ती पायरीच वगळली गेली.

दुरुस्ती

त्या सुमारास विंडोज १० चा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपलेला होता. नव्याने बसवायचेच तर विंडोज ११ बसवावी, असे ठरले. फर्मवेअरमधील विंडोज १० प्रोच्या परवान्यावर विंडोज ११ प्रो चालते, त्यामुळे वेगळा खर्च नव्हता. आठव्या पिढीचा प्रोसेसर विंडोज ११ च्या पात्रता यादीत अगदी उंबरठ्यावर बसतो. या डेस्कटॉपऐवजी सातव्या पिढीचा असता तर हे प्रकरण वेगळ्या वळणाने गेले असते.

तरीही मायक्रोसॉफ्टच्या तपासणी साधनाने संगणक अपात्र असल्याचे सांगितले. अनुवादिकेचा चेहरा उतरला. कारण साधे होते. बायोसमध्ये टीपीएम हा सुरक्षेचा घटक बंद ठेवलेला होता आणि इमेज जुन्या लेगसी पद्धतीने सुरू होत होती, तर विंडोज ११ ला टीपीएम २.० आणि सिक्युअर बूटची (फक्त विश्वासार्ह सॉफ्टवेअरनेच संगणक सुरू होऊ देण्याची) क्षमता असलेले यूईएफआय, म्हणजे नव्या पद्धतीचे बायोस, हवे असते. दोन्ही गोष्टी यंत्रात होत्या, फक्त बंद होत्या. आधी त्यांच्या फाइली आणि अनुवाद-स्मृतींचे (आधी केलेल्या भाषांतरांच्या वाक्यजोड्यांचे) संग्रह बाहेरच्या डिस्कवर दोनदा उतरवले आणि उघडून पाहिले, मगच सेटिंग बदलले.

मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून दुसऱ्या, विश्वासाच्या संगणकावर साधन उतरवून पेन ड्राइव्ह तयार केला. विक्रेत्याचा पेन ड्राइव्ह पुन्हा वापरण्याचा प्रश्नच नव्हता. ज्या इमेजमध्ये परवान्याबाबत असा निष्काळजीपणा केला गेला, तिच्यात आणखी काय आहे याची खात्री कोणी द्यायची? ज्यांच्या हाती लोकांची करारपत्रे आणि वैद्यकीय कागद भाषांतरासाठी येतात, त्यांच्यासाठी ही शंका परवान्याच्या प्रश्नापेक्षाही मोठी आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. एसएसडीवरील सगळे विभाग पुसून सेटअप सुरू केला. त्याने प्रॉडक्ट की विचारली नाही, होम की प्रो हेही विचारले नाही. फर्मवेअर वाचून तो थेट प्रो बसवू लागला. इंटरनेट जोडल्यावर काही मिनिटांत ॲक्टिव्हेशनच्या पानावर डिजिटल परवान्याची नोंद आली आणि तीच पाच अक्षरांची आज्ञा पुन्हा दिल्यावर चौकटीत ‘ओईएम डीएम’ असे उमटले.

तिसऱ्या प्रॉडक्ट कीबद्दल

‘ओईएम, आजीवन हमी’ अशी जी प्रॉडक्ट की त्या घ्यायला निघाल्या होत्या, तिचा विचार इथे करायलाच हवा, कारण पहिल्या दोन अनुभवांनंतरही ती जाहिरात त्यांना खात्रीची वाटत होती. संगणकापासून वेगळी केलेली ओईएम प्रॉडक्ट की ही वर सांगितलेल्या अटीशीच विसंगत आहे: ती ज्या बोर्डाबरोबर आली त्या बोर्डाशिवाय तिला अर्थ नाही. ती कदाचित चालेल, वर्षानुवर्षे चालेलही. पण पंचवीस अक्षरे स्वीकारली गेली, एवढ्यावरून वापरण्याचा हक्क मिळाला असे होत नाही. ॲक्टिव्हेशनचा सर्व्हर अक्षरे तपासतो. ती विकणाऱ्याला विकण्याचा अधिकार होता का, हे तो तपासत नाही आणि तपासू शकतही नाही. विकत घेण्याची वस्तू परवाना आहे, आणि परवाना म्हणजे मूळ मालकापासून आपल्यापर्यंत न तुटता आलेला हक्क. स्वस्त विक्रेता अक्षरे देतो, हक्काची साखळी दाखवत नाही.

मी त्यांना सुचवले की त्या विक्रेत्याला दोनच प्रश्न लिहून विचारावेत: ही कोणत्या चॅनलची आहे, आणि आधीच्या मालकाने आपला हक्क सोडल्याचा कोणता कागद मिळेल. त्यांनी ते विचारले. उत्तरात पुन्हा आजीवन हमीचाच मजकूर आला, या दोन प्रश्नांबद्दल काही नाही.

सगळाच जुना परवाना अवैध असतो, असा याचा अर्थ कोणी काढू नये. सुट्या विकत घेतलेल्या रिटेल प्रतीबाबत विंडोजच्या अटी पहिल्या परवानाधारकाला ती दुसऱ्याच्या संगणकावर हस्तांतरित करू देतात, मात्र नव्या मालकाने अटी मान्य करायला हव्यात आणि जुन्या संगणकावरून ती प्रत काढली जायला हवी. कायद्याचे उत्तर सगळीकडे सारखे नाही. युरोपीय संघाच्या न्यायालयाने ३ जुलै २०१२ रोजी जुने सॉफ्टवेअर परवाने विकणारी यूज्डसॉफ्ट आणि सॉफ्टवेअर कंपनी ओरॅकल यांच्या वादात असा निर्णय दिला, की कायमस्वरूपी वापरासाठी मोबदला घेऊन दिलेली प्रत पुढे विकता येते, अगदी ती डाउनलोड केलेली असली तरी. पण त्याच निर्णयात मूळ खरेदीदाराने स्वतःची प्रत निकामी केली पाहिजे आणि अनेक वापरकर्त्यांसाठी घेतलेला घाऊक परवाना तोडून त्यातला काही हिस्सा विकता येणार नाही, हेही सांगितले आहे. अमेरिकेत नवव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने २०१० मध्ये ऑटोडेस्क या सॉफ्टवेअर कंपनीच्या प्रकरणात उलट दिशा घेतली. कंपनीने परवाना देताना हस्तांतरावर व वापरावर ठळक बंधने घातली असतील तर घेणारा हा प्रतीचा मालकच नाही, असे मानले. स्वस्त प्रॉडक्ट की विकणारे यातील युरोपीय निर्णयाचा पहिला अर्धा भाग आपल्या जाहिरातीत वापरतात. अनुवादिकेला मिळालेली मॅक प्रॉडक्ट की त्या निर्णयाच्या दुसऱ्या अर्ध्या भागावरही उतरत नव्हती.

फर्मवेअर रिकामे निघाले असते तर

मीच स्वतःला हा प्रश्न विचारला, कारण जोडणी करून बनवलेल्या संगणकांत किंवा विंडोजशिवाय विकलेल्या यंत्रांत फर्मवेअर रिकामेच असते. तसे असते तर मी त्यांना संगणक परत देण्याचा प्रयत्न आधी करायला सांगितला असता. मायक्रोसॉफ्ट नूतनीकरण करून संगणक विकणाऱ्या नोंदणीकृत व्यावसायिकांना कमी दराचा परवाना देते. अशा यंत्रावर नूतनीकरणाचे वेगळे स्टिकर असते आणि परवाना यंत्राच्या किमतीतच येतो. जुना संगणक आणि स्वस्त पण रीतसर विंडोज या दोन्ही गोष्टी एकत्र हव्या असतील, तर माझ्या मते हा सर्वांत सरळ मार्ग आहे, आणि तो संगणक घेण्यापूर्वीच निवडायचा असतो. व्यक्ती तो परवाना नंतर सुटा विकत घेऊ शकत नाही.

लिनक्सचा विचार आम्ही केला होता. उबंटू किंवा लिनक्स मिंट यांना परवाना शुल्क नाही, उबंटूच्या दीर्घ पाठिंब्याच्या आवृत्तीला पाच वर्षे सुरक्षा दुरुस्त्या मिळतात, आणि लिहिणे, वाचणे, ईमेल, ब्राउझर एवढेच काम असते तर मी तोच सल्ला दिला असता. अनुवादिकेचे भाषांतराचे सॉफ्टवेअर मात्र फक्त विंडोजवर चालते आणि त्यांच्या ग्राहकांचा त्याबाबत आग्रह असतो. उपजीविकेचे साधन बदलायला सांगणे योग्य नव्हते.

पहिल्या प्रॉडक्ट कीचे पैसे त्यांना परत मिळाले नाहीत. संगणक विकणाऱ्याने त्यांच्या सांगण्यावरून पावतीवर अनुक्रमांक आणि ‘विंडोज प्रो, फर्मवेअर परवान्यासह’ ही ओळ हाताने लिहून सही केली. त्यासाठी त्यांना दुकानात दोनदा जावे लागले. ती पावती, ॲक्टिव्हेशनच्या पानाचा फोटो आणि परवान्याच्या चौकटीचा फोटो त्यांनी एका पाकिटात ठेवले आहेत. ‘आता हे किती दिवस पुरेल?’ असे त्यांनी जाताना विचारले. जोवर हा मदरबोर्ड चालतो तोवर, असे मी सांगितले. वॉरंटी संपलेल्या या यंत्राचा बोर्ड गेला तर परवानाही त्याच्याबरोबर जाईल, आणि त्या दिवशी दुरुस्तीचा खर्च मोजताना नव्या परवान्याची किंमतही त्यात धरावी लागेल.